काळ्या कापडाचं चाक

चाक वाकडं झालं की माणूस आधी रस्त्याला शिव्या घालतो, मग पुढाऱ्याला, मग शेजारी बसलेल्या बायकोला. तोंड दमलं की माझ्याकडं येतो. मी त्याला एकच विचारायचो, "खड्डा दिसला व्हता का?" सगळे म्हणायचे, नाही. खोटं. खड्डा दिसलेला असतो, पण मागच्यानं हॉर्न दिलेला असतो आणि ब्रेक दाबायची लाज वाटलेली असते.

माझं नाव काशिनाथ. गाव अवसरी बुद्रुक, शाळा चौथीपर्यंत. दुकान मंचरच्या बाहेर, जुन्या हायवेला. धंदा चाकाच्या डिस्क सरळ करायचा. पंक्चरवाला वेगळा, टायरवाला वेगळा, मी वेगळा. टायर उतरवला की आत जे लोखंडाचं कडं राहतं, ज्याला नट बसतात, त्याला आमच्यात डिस्क म्हणतात. ती आपटून वाकली की हवा धरत नाही, नाहीतर स्टेअरिंग थरथरतं. मी डिस्क एका फिरत्या दांड्यावर चढवायचो आणि हातानं फिरवत कडेला खडू धरायचो. खडू लागला तिथं फुगवटा, नाही लागला तिथं खड्डा. मग जॅक, मग लाकडी ठोकळा, मग हातोडा, आणि परत खडू. रेघ सगळीकडं सारखी उमटली की चाक सरळ. हे मला कुणी शिकवलं नाही. म्हणजे शिकवलं, पण मी ते उस्तादाच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही.

गिऱ्हाइकं एकेक भेटली. मंचरच्या बाजारातल्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याचा पिकअप थरथरायचा. त्यानं सगळी गॅरेजं पालथी घातली, अर्धी गाडी बदलली, तरी थरथर जाईना. माझ्याकडं आला तेव्हा जवळजवळ रडायच्या बेताला होता. मी चाक उतरवलं. आतल्या बाजूला शेतातला काळा चिखल वाळून दगडासारखा बसला होता, एकाच बाजूला. खरवडून काढला, चाक लावलं, म्हणालो, "जावा."

"बस्स?"

"बस्स."

"मंग राव, येवढे दिवस मी काय करत व्हतो?"

"चिखल फिरवत व्हता."

तो हसला नाही. मला वाटतं घरी गेल्यावर हसला असेल.

चाकाचं असंच आहे. एका बाजूला मूठभर वजन जास्त झालं की सगळी गाडी ते बोलून दाखवते. लोखंडाची डिस्क तर फारच बोलकी. वाकली की दिसते, तापवली की लाल होते, चिरली की आवाज बदलतो. लपवाछपवी नाही.

मग अॅल्युमिनियमची चाकं आली, अलॉय. दिसायला देखणी, स्वभावानं घुमी. लोखंडासारखी तापून लाल होत नाहीत. आच जास्त झाली की काही न सांगता एकदम बसतात. त्यावर मी साबणाचा इलाज शोधला. कपड्याच्या साबणाची वडी चाकावर घासायची आणि लांबून आच द्यायची. साबण तपकिरी झाला की आच बंद, मग हळू जॅक. बाकीचे हसायचे, म्हणायचे, काशिनाथ चाकाला आंघोळ घालतो. हसणाऱ्यांतले बरेच नंतर साबण विकत घ्यायला लागले.

हे सगळं बायपास व्हायच्या आधीचं. मोठा रस्ता गावाबाहेरून गेला आणि माझ्या दारातली वाहतूक एखाद्या नळासारखी बंद झाली. आधी हॉर्नच्या गोंगाटात मला माझा हातोडा ऐकू यायचा नाही. आता छतावरच्या पंख्याचा आवाज येतो, आणि तो चालताना काय म्हणतो तेही कळतं. बायको सरू गेली त्याच सुमाराला. मुलगी भोसरीला दिली आहे. ती म्हणते, "दादा, दुकान बंद करा, इकडं या." मी म्हणतो, येतो. जात नाही. तिथं दुसऱ्या मजल्यावर बसून मी खाली कुणाचं चाक बघणार?

त्या काळात माझ्याकडं येणारा एकच माणूस उरला. बापू.

बापू पिंपळवंडीचा बागायतदार, माझ्याच वयाचा. पहिल्यांदा आला तो उसाच्या ट्रॉलीची डिस्क घेऊन. ती इतकी चेपलेली होती की तिच्यावर भाकरी थापता आली असती. मी म्हणालो, ही होणार नाही. तो म्हणाला, "न्हाई झाली तर मी बी जाणार न्हाई," आणि खरंच दिवसभर बसून राहिला. डिस्क झाली. तेव्हापासून तो यायला लागला, तो येतच राहिला. पिंपळवंडीहून माझं दुकान काही जवळ नाही, वाटेत नारायणगाव लागतं, हवा भरायच्या दुकानांचा तिथं काय तोटा! पण हा दर आठवड्याला हवा बघायला मंचरला. हवा बरोबरच असायची. तो बाकड्यावर बसायचा, चहा मागवायचा, टमाट्याच्या भावाला शिव्या द्यायचा, माझ्या हातोड्याला नावं ठेवायचा आणि जायचा.

मी त्याच्या घरी क्वचितच गेलो. त्याची आई होती तोवर मला ओट्याखाली चहा मिळायचा. ती गेल्यावर बापू म्हणाला, "आता वर ये की." मी म्हणालो, "आता सवय न्हाई राहिली." पण दुकानात आला की माझ्या डब्यातली भाजी तो न विचारता खायचा. असं आमचं होतं.

त्याचा मुलगा सुहास इंजिनियर झाला आणि चाकणकडं एका कारखान्यात लागला. तिथं चाकंच करायचे, पण लोखंडाची नाही, अॅल्युमिनियमचीही नाही. एक दिवस बापलेक दोघं दुकानात आले. सुहासनं डिकीतून चार काळी चाकं काढून खाली ठेवली.

"काका, आण्णांच्या गाडीला बसवायचीत."

मी वाकलो. चाक उचलायचं म्हणजे कमरेला काय जोर लावायचा ते अंगाला पाठ असतं. तसा लावला आणि चाक भसकन् माझ्या छातीवर आलं. मी मागं पडता पडता राहिलो.

बापू म्हणाला, "काय रे, शेणाची पाटी उचलतो का?"

मी चाक उलटंसुलटं करून बघितलं. काळं, गुळगुळीत, आणि आत खोलवर विणीसारखं काही चमकत होतं. सुहासनं मला समजेल असं सांगितलं. पोरगा चांगला, मला कमी लेखत नाही आणि उगाच चढवतही नाही. म्हणाला, हे कापड आहे. केसाहून बारीक कार्बनच्या धाग्यांचं विणलेलं कापड. ते साच्यात एकावर एक थर देऊन घालायचं, एका थराचे धागे उभे, दुसऱ्याचे आडवे, तिसऱ्याचे तिरके. मध्ये चिकट रस भरायचा, दाबायचं, भट्टीत भाजायचं. निघतं ते चाक.

"म्हंजे गोधडी," मी म्हणालो.

"गोधडीच काका. फक्त भाजलेली."

"पण एवढी खटपट कशाला? लोखंडानं काय घोडं मारलं?"

त्यावर त्यानं मलाच विचारलं, "पावसाळ्यात वावरातून चालताना तुम्हाला डोक्यावरचं ओझं जड होतं का बुटाला लागलेला चिखल?"

मी काय सांगणार? बुटाचा चिखल. डोक्यावर गाठोडं घेऊन माणूस कोसभर जातो, पण पायाला ढेकूळ लागलं की दहा पावलांत दमतो. चाक म्हणजे गाडीचे पाय. ते हलके झाले की गाडी कमी खाते, लवकर थांबते, खड्ड्यावरून उचलून पाऊल टाकल्यासारखी जाते. ही चार चाकं कारखान्यात तपासणीला उतरलेली होती, फक्त रंगावर डाग होते म्हणून तिथल्या लोकांना मिळाली. सुहासला बंगळूरला नोकरी लागली होती. जाण्याआधी त्याला वडलांच्या गाडीला आपल्या हातचं काहीतरी लावून जायचं होतं.

मी चाकं बसवली. नट आवळताना विचारलं, "ही वाकली तर कशी काढायची?"

"ही वाकत नाहीत काका."

"मंग मी काय करायचं?"

"काहीच नाही. एक तर शाबूत असतं, नाहीतर निकामी. दुरुस्ती नसते."

मी मान हलवली, पण ते माझ्या मनात रुतून बसलं. शाबूत आणि निकामी, मधलं काही नाही. माझं सगळं आयुष्य त्या मधल्यावर चाललं होतं.

जाताना त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "ह्याला जोराचा मार लागला तर बाहेरून दिसेलच असं नाही. आतले थर सुटतात. नाणं घेऊन सगळीकडं वाजवून बघा. आवाज टणक आला तर ठीक. एखाद्या जागी बद्द आला तर चाक उतरवा आणि मला फोन करा. आण्णांना विचारू नका, ते म्हणतील काही झालं नाही." त्यानं एक नाणं घेऊन वाजवून दाखवलं. माठ घेताना आपण वाजवून घेतो तसंच. माझा कान त्याला लगेच बसला.

पोरगा गेला. बापू मळ्यातल्या घरात एकटा राहिला. बायको आधीच गेलेली. पिंपळवंडीच्या मळ्यांत उसाला लागून घरं, आणि उसात बिबट्या. अंधार पडला की मोटरसायकलवर कुणी एकटं निघत नाही. म्हणून ती गाडी म्हणजे बापूचं सगळं होतं. बाजार, दवाखाना, कुणाच्या दहाव्याला जायचं, आणि माझं दुकान. सुहास फोनवर सारखा म्हणायचा, "आण्णा, डोळे बघा तुमचे. किल्ली ठेवून द्या, इकडं या." बापू म्हणायचा, "ठेवतो." ठेवायचा नाही. ह्या बाबतीत आम्ही दोघं एकाच साच्यातले.

दसरा आला. दसऱ्याला सकाळी आमची विहारात वंदना असते. त्यानंतर लहान पोरांची भाषणं होतात, ती ऐकायला मी शेवटपर्यंत थांबतो. दुकान दुपारी उघडतो. उघडायला कारण काही नसतं, पण बापू आपट्याची पानं द्यायला येतो. तो म्हणतो, "सोनं घे, सोन्यासारखा ऱ्हा." मी म्हणतो, "जयभीम." तो म्हणतो, "जयभीम." मग चहा.

त्या दसऱ्याला तो आला. गाडीच्या बॉनेटवर झेंडूचा हार, चाकांना हळदीकुंकू. मी पानं घेतली, आणि सवयीनं माझी नजर चाकावर गेली. पुढच्या डाव्या चाकाच्या कडेला नारळाच्या शेंड्या चिकटल्या होत्या आणि पाण्याचा ओघळ वाळला होता.

"नारळ कुठं फोडला रं?"

"कुठं म्हंजे? चाकावर. आमच्यात चाकावरच फोडत्यात."

ही त्यांच्या घरची जुनी रीत, मला ठाऊक होती. त्याचे वडील बैलगाडीच्या चाकाच्या धावेवर फोडायचे. धाव म्हणजे लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. बापू ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाच्या कड्यावर फोडायचा. ट्रॅक्टर विकल्यावर गाडीच्या लोखंडी डिस्कवर. नारळ दगडावर फोडला तर पूजा दगडाची झाली, असं तो म्हणायचा. लोखंडाला त्याचं काही वाटत नव्हतं.

"येका दणक्यात फुटला?"

"कसला फुटतोय! लई कवाठा निघाला, दगडासारखा. तीन-चार दणकं घातलं तवा फुटला. का रं?"

मी खिशातून नाणं काढलं आणि चाकापाशी बसलो. एका बाजूनं वाजवत गेलो. टण, टण, टण. शेंड्या चिकटल्या होत्या तिथं आलो आणि आवाज बद्द झाला, हाताच्या पंजाएवढ्या जागेत. पुढं गेलो, पुन्हा टण. मागं आलो, बद्द. रंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

"बापू, हे चाक उतरवू."

"का?"

"आवाज बद्द येतोय."

"तुझ्या कानाला येत असंल. म्हातारा झाला तू."

"माझ्याकडं लोखंडाच्या चार डिस्क पडल्यात. तुझ्या गाडीला बसतील. आत्ता लावून देतो."

बापूचं तोंड बदललं. "पोरानं सोताच्या हातानं दिलेली चाकं काढून भंगारातली लावू? दसऱ्याच्या दिवशी?"

"येक तरी लाव."

"तीन त्याची अन् येक तुझं? लंगडी गाडी फिरवू का गावातून?"

"बापू, फुटलं तर एकदम फुटतंय हे. लोखंडासारखं वाकून सांगत न्हाई."

"नारळानं चाक फुटतंय व्हय? उद्या म्हणशील कुंकवानं गंजतंय. तुमचा देवावर इश्वास न्हाई म्हणून..."

तो तिथंच थांबला. थांबला ते बरं झालं. मी म्हणालो, "देवाचं मी येक अक्षर बोललो का? मी चाकाचं बोलतोय."

तो कपाकडं बघत राहिला. चहा निवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "सुहासला सांगू नको. उद्या मळ्यातल्या दोन म्हाताऱ्यांना पुण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचंय, शब्द दिलाय. पोराला कळलं तर तो किल्ली काढून घेईल. मंग मी मळ्यात भिंतीकडं तोंड करून बसू का?"

"डिस्क लाव, मंग न्हाई सांगत."

"सांगितलंस तर तुझ्या दुकानाची पायरी चढणार न्हाई. ध्यानात ठेव."

तो उठला, गाडीत बसला. नेहमीसारखी हवा बघायची म्हणून मी पाइप घेऊन उभा होतो. तीन चाकांची बघितली, चौथ्याला हात लावला नाही. त्यानं काचेतून ते पाहिलं. गाडी गेली.

मी बाकड्यावर बसलो. आता ज्यांनी माझं ऐकत ऐकत इथवर वाचलं त्यांना सांगतो, मला त्या वेळी काहीही खात्रीनं ठाऊक नव्हतं. लोखंड असतं तर मी छातीवर हात ठेवून बोललो असतो. ह्या काळ्या चाकाची आणि माझी ओळख ती किती? एका पोरानं नाण्यानं वाजवून दाखवलं, एवढीच. नारळाचं पाणी झिरपून आवाज बदलला असेल, माझा कान खोटा असेल. पण उद्या त्या गाडीत तीन माणसं बसणार होती आणि खेडचा घाट लागणार होता. आणि दुसऱ्या बाजूला हे रिकामं बाकडं. मी फोन केला नाही तर बापू पुढच्या आठवड्यात येईल, चहा मागवेल, आणि कदाचित काहीच होणार नाही. कदाचित.

दिवे लागायच्या वेळी मी सुहासला फोन लावला. सगळं सांगितलं, नारळापासून. शेवटी तो म्हणाला, "बरं केलंत काका. मी बघतो."

मी म्हणालो, "मी सांगितलं म्हणून सांगू नको." आणि लगेच म्हणालो, "न्हाई, सांग. त्याला कळणारच हाये."

सुहासनं रात्रीच त्याला फोन केला असणार, कारण बापू दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला नाही. त्या म्हाताऱ्या एसटीनं गेल्या. पुढच्या आठवड्यात तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी फोन लावायचो, वाजून वाजून बंद व्हायचा. मीही मग लावायचा सोडला. मला वाटलं, मी चूक केलेली नाही, मग मी का वाकू?

दिवाळीच्या तोंडावर सुहास आला. त्याचा फोन आला, "काका, लोखंडी डिस्क घेऊन मळ्यात याल का? गाडी विकायची आहे. आण्णांना घेऊन जातोय." टेम्पोत चार डिस्क टाकल्या, टायर टाकले, पाना-जॅक घेतला आणि पिंपळवंडीला गेलो. बापू ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता, रस्त्याकडं पाठ करून. मी "बापू" म्हणालो. पाठ हलली नाही.

मी कामाला लागलो. काळी चाकं एकेक करून उतरवली. एका हातानं उचलायचो, आणि दर खेपेला अंग फसायचं, की जड असणार म्हणून. सुहासनं ते डावं चाक ओट्याच्या कडेला ठेवलं आणि नाण्यानं वाजवलं. कान लावून वाजवलं, डोळे मिटून वाजवलं. मी पान्याचं काम थांबवून त्याच्याकडं बघत होतो. बापूची पाठसुद्धा ऐकत होती, मला दिसत होतं.

"बद्द येतोय काका," तो म्हणाला. "पण नक्की सांगता येत नाही. मशीनवर लावून आत बघावं लागेल, आणि ते मशीन इथं नाही."

बापू पहिल्यांदा बोलला, भिंतीकडं बघत. "म्हंजे चांगलं बी असंल."

"असेलही आण्णा."

"ऐकलंस का रं?" हे मला होतं.

"ऐकलं," मी म्हणालो आणि नट आवळले. दुसरं काय म्हणणार? लोखंडाची चार चाकं लागली, गाडी पुन्हा जड होऊन जमिनीवर बसली. सुहासनं चहा आणला. ओट्यावर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, मी टेम्पोला टेकून उभ्यानं प्यालो. मी वर गेलो असतो तर कदाचित बोलणं झालं असतं. बापू वळला असता तर मी वर गेलो असतो. दोघंही गेलो नाही. टेम्पो निघाला तेव्हा मी आरशात बघितलं. पाठ तशीच होती.

ते दोघं गेले, घराला कुलूप लागलं. गाडी ओतूरच्या कुणीतरी घेतली. चारही काळी चाकं सुहास माझ्याकडं ठेवून गेला, म्हणाला, कुणाला देऊ नका, वापरू नका. मी ती दुकानाच्या मागं भिंतीला टांगली आहेत. कधी कुणी चुकला-माकला गिऱ्हाईक विचारतो, "बाबा, ही विकायची का?" मी म्हणतो, नाही. "मंग ठेवलीत कशाला?" मी म्हणतो, वाजवायला. त्याला वाटतं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. पण खरं आहे, मी वाजवतो. तीन टणक आहेत, एक बद्द आहे. रोज तसंच आहे.

ह्या धंद्यातला अनुभव लिहा असं अंकाच्या मंडळींनी सांगितलं, तेव्हा मला वाटलं जॅकचं लिहावं, साबणाचं लिहावं. कुणी नवीन पोरगा ह्या कामात येईल, त्याला उपयोग होईल. पण कोण येणार? चाकं वाकायची बंद होतील. पुढं सगळीच शाबूत असतील, नाहीतर निकामी. त्याबद्दल माझी तक्रार नाही, वस्तू चांगली आहे, पोरांनी डोकं लावून केली आहे. फक्त तिच्याशी भांडता येत नाही. लोखंडाशी मी जन्मभर भांडलो आणि रोज थोडं जिंकलो.

परवा दुपारी मी बाकड्यावर बसलो होतो. फोन वाजला, नंबर अनोळखी. उचलला तर पलीकडं नुसता श्वास. मी ओळखला.

"काय करतो?" बापू म्हणाला.

"बसलोय. तू?"

"मी बी बसलोय. अकराव्या मजल्यावर. खालची गाडी मुंगीयेवढी दिसती."

त्याच्याकडं कुठंतरी लिफ्टची घंटा वाजत होती.

"येक खरं सांग काश्या. ते चाक फुटलं असतं का?"

"मला काय ठाऊक."

"ठाऊक न्हवतं, मंग कशाला केला पोराला फोन?"

"ठाऊक असतं तर तुझ्याशीच भांडलो असतो, जिंकस्तोवर. ठाऊक न्हवतं म्हणूनच केला."

पलीकडं लिफ्टची घंटा पुन्हा वाजली. मग त्याचा आवाज आला.

"जेवलास का?"

"न्हाई अजून."

"मंग जेव की, येड्या. दुपार टळली," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

डबा तसाच पडला होता. उघडला. वांग्याची भाजी होती, दोघांना पुरेल एवढी. अजून मला एकट्यापुरती करायला जमत नाही.